हंबीररावांना शोधून आणा

(२००६ साल. चेन्नईत एग्मोरमधलं एक लहानसं डिझाइन ऑफिस. मालक सुधींद्रराव, मूळचे तंजावरचे, इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसले आहेत. समोर त्यांची डिझायनर रेवा. साताऱ्याहून नोकरीला आली तेव्हा मुलाखतीतही ती इतकी अवघडून बसली नव्हती.)

सुधींद्रराव : ...आणिक पुढं ऐक. 'मिठाईच्या या डब्यावर मोर आहे, लक्ष्मी आहे, गोपुर आहे, मालकांचा फोटो आहे. आत मिठाई आहे हें मात्र डबा उघडल्यावरच कळतं.' अय्यो, कोण हा हंबीरराव?

रेवा : असेल कुणीतरी रिकामटेकडा. सोडा ना सर.

सुधींद्रराव : सोडूं कसा? तुझा डबा तो! तुझ्या कामाला बोल लावला म्हणजे मला लावला.

रेवा : तसं अगदीच चुकीचं नाही म्हटलंय त्यानं. मोर जरा मोठाच झालाय.

सुधींद्रराव : आतां तूं त्याची बाजू घेतेस? सकाळींच नारायणस्वामींचा फोन आला.

रेवा : दुकानाचे मालक? चिडलेत?

सुधींद्रराव : चिडले असते तर बरं होतं. खूश आहेत! त्यांचा पुतण्या शोळिंगनल्लूरला कंप्यूटर कंपनींत आहे. तो वाचून म्हणाला, चित्तप्पा, हा माणूस जाणता. आतां त्यांना डबा नवा पाहिजे, हंबीररावांच्याच हातचा. त्यांना शोधून आणा, आणि हा डबा केला त्या मुलीला काढा म्हणून सांगतात.

रेवा : मला काढा? आणि हंबीररावांना घ्या?

सुधींद्रराव : हसतेस कशाला?

रेवा : हसत नाहीये, ठसका लागला. तुम्ही काय सांगितलंत?

सुधींद्रराव : डबा मीच केला म्हणून सांगितलं. मोर माझा, गोपुर माझं. मुलगी नुसती कंप्यूटर चालवते.

रेवा : सर! माझ्यासाठी खोटं बोललात?

सुधींद्रराव : मग? घरदार सोडून इतक्या लांब आलेली पोर तूं. पण माणूस हट्टी. उद्या येतो म्हणाला. हंबीरराव इथं बसलेले दिसले नाहींत तर काम दुसरीकडे. आणि तें काम गेलं तर तुला ठेवूं कशाच्या जोरावर? नांव तर आपल्या लोकांतलं आहे. तंजावरचा असता तर मला ठाऊक असता. तुमच्याकडचाच कोणी, भल्या मोठ्या मिशांचा.

रेवा : मिशा नाहीत त्याला.

सुधींद्रराव : तूं पाहिलंस?

रेवा : रोज आरशात बघते. सर, मीच आहे हंबीरराव. संपादक हेमलताबाईंना टोपणनाव हवं होतं, मी आजोबांचं दिलं.

सुधींद्रराव : तूं? आपल्याच डब्याला नांवं ठेवलीस?

रेवा : माझा राहिला कुठे होता तो? मी मैसूरपाकाची एक वडी काढली होती, पांढऱ्यावर, बाकी काही नाही. मग नारायणस्वामी मोर घाला म्हणाले. मग लक्ष्मी. मग स्वतःचा फोटो. मांबलमला घरी जाऊन रडले, आणि रडता रडता लिहायला बसले. लिहिताना इतकी मजा आली की रडायचं राहूनच गेलं.

सुधींद्रराव : थांब. मग हें शेवटलंही तुझंच? 'अशा ऑफिसांच्या मालकांना पाठीचा कणा नसतो, नुसती मान असते. तीही होकारापुरती.'

रेवा : ...हो.

सुधींद्रराव : सकाळपासून इतकंच वाचत बसलों आहें. लागलं मला. हा माणूस मला कुठून ओळखतो, म्हटलं.

रेवा : चुकलं माझं, सर.

सुधींद्रराव : तोंडावर सांगायचं होतंस. पेपरांत कशाला?

रेवा : तोंडावरच सांगितलं होतं. दर वेळी. तुम्ही मान हलवलीत.

सुधींद्रराव : ...कॉफी घे. निवते आहे.

रेवा : काढताय का मला?

सुधींद्रराव : तुला काढून हंबीरराव कुठून आणूं? उद्या नारायणस्वामींशी तूंच बोल. ती वडी दाखव. मी बाजूला बसतों.

रेवा : आणि लिहिणं?

सुधींद्रराव : लिही कीं. छापण्याआधीं मला दाखवत जा. नको, दाखवूं नको. मी छान आहे म्हणेन.

रेवा : आणि उद्या ते पुन्हा मोर घाला म्हणाले तर?

सुधींद्रराव : तर माझ्याकडे पाहूं नको, बाळ. एका रात्रींत सवय जाते का?