वीस वर्षं टिकणारं इंजिन

गॅरेजच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या कारकुनाची नजर वहीत होती, पण कान पुढच्या निवृत्त मास्तरांकडे लागले होते.

“मिस्त्री, वीस वर्षं कुरकुरणार नाही अशी एसयूव्ही हवीय. डिझेल घेऊ?”

“रोज किती चालवता, सर?”

“भाजीपुरती. जाऊन येऊन दोन किलोमीटर.”

“मग डिझेल नको. इंजिन तापायच्या आत घर येईल आणि धुराचा फिल्टर तुंबेल. साधं पेट्रोल घ्या, त्यात बिघडायला फार काही नसतं.”

“तेच चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं हो. म्हटलं, जरा अभ्यास करू. अभ्यास होईपर्यंत कंपनीने ती गाडी बनवायचीच बंद केली. बायको म्हणते, लग्नाआधी एवढा अभ्यास केला असतात, तर मी सुटले असते.”

“आणि या जुनीला काय झालंय?”

“हिला काय धाड भरलीय! सतरा वर्षांत एकदा रुसली नाही. टायर तेवढे बदला.”

“भाजीला जाऊन एवढे झिजले?”

“छे! नव्या गाड्या बघायला हिच्यातूनच जातो ना.”

मिस्त्री कारकुनाकडे वळला.

“साहेब, तुमचं काय?”

कारकुनाने इंजिनांच्या तक्त्यांनी भरलेली वही हळूच पिशवीत सारली.

“टायरच.”