पाच पावसाळ्यांचा बोल

आमचं मूळ घर जामसरचं, भाताची दोन खाचरं आणि आम्ही चार भाऊ, म्हणून मुलीकडच्यांना देज द्यायला बापाकडं काही नव्हतं. मग वावर गावात सासऱ्याच्या घरी राबून बायको करायची ठरली. पाच पावसाळे. पंचांसमोर बोल झाला, पाच सरले की बायको-पोरं घेऊन मोकळा. सासऱ्यानं आढ्याला अंबाडीची दोरी बांधली, दर दिवाळीला एक गाठ.

तीन गाठी झाल्या आणि बायको तापानं गेली. मागं दीड वर्षाची पोर. मी म्हटलं, पोर घेतो नि जातो. सासरा म्हणाला, तू जा की, तुला कोण धरतंय, पोर मात्र पाच भरल्यावर.

काय सांगू तुम्हाला, जव्हारला कचेरीत चालत गेलो. कारकून म्हणाला, कागद आहे का, मी म्हटलं नाही, तर म्हणाला, मग तुझ्यावर काही बंधन नाही, घरी जा. आणि पोर? तर म्हणे, कागद नाही मग सासऱ्यावर तरी कसलं बंधन. पंच म्हणाले, कागदाचं आम्हाला सांगू नको, बोल दिलास ना? दिला होता. म्हणून राबलो. जिच्यासाठी राबायचं ती नाही, तरी राबलो.

पाचवी दिवाळी आली. सासरा म्हणाला, जावईबापू, गाठी चारच. यंदा आवणीला, भाताची रोपं लावायच्या वेळी, तुला शिपायानं वेठीला नेलं, साहेबाचं सामान वाहायला. आवणीत नाही तो पावसाळा कसला? अठरा दिवस गेलो होतो, नाही म्हणत नाही. पण संस्थानच्या शिपायाला नको म्हणायची माझी काय छाती. पंचही त्याच्याच बाजूनं, ताडी त्याचीच प्यालेले. सहावा पावसाळा राबलो तेव्हा पोर हाती आली.

ती पोर आता मोठी झाली, तिचा नवरा माझ्या घरी राबतोय. मी नको म्हटलं होतं, पण तशीच दिली तर भावकी तिलाच नावं ठेवील. औंदा त्यालाही आवणीत वेठीला नेलं, बावीस दिवस. तरी दिवाळीला मी गाठ मारली. तो म्हणाला, मामा, एकट्यानं नको, पाचांसमोर मारा. माझ्यावर भरवसा नाही त्याचा, आणि का असावा. बोलावले पाच जण, गाठ सोडली, त्यांच्यासमोर पुन्हा मारली. त्यानं एकेकाचं तोंड बघून पाच मोजले, मग भाताच्या झोडणीला गेला. सुखी राहो.