पाव्हना उठला का

आमी मूळचे सांगोल्याकडचे, धनगर, बा माझा मेंढरं राखायचा आन् त्येच्या मागं आमी पोरं, कुसळं आन् बाभळी, दुसरं काय न्हाय तितं. आता तुमी म्हनाल टाकीजचं इचारलं तर ही मेंढरं कुटं घिऊन आली, पर ताई, ते मेंढरापासनंच सुरू हुतंय. आमच्या वाड्यावर, म्हंजे जितं रातीला मेंढरं बसवत्यात तितं, दिवस कलला की लांडग्याचं नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की येतोय म्हनायचे. मग काय म्हनायचं, तर पाव्हना. पाव्हना आल्ता, येक कोकरू नेलं. आई म्हनायची, पाव्हन्याची चाहूल हाय गं, कुत्री सोड. तोंडाला ती सवय लागली ती लागलीच, आजपातूर मी त्येला लांडगा म्हनत न्हाय, आता तुमाला कळावं म्हनून म्हनलं तेवढंच, आन् आता दिवस बी हाय अजून.

लगीन झालं आन् सोलापुरात आले. सासरा गिरनीत व्हता, आन् मालक, म्हंजे आमचं हे, हे अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या कारखान्यात, चादरीच्या मागावर. सायकलवर जायचे, डब्यात कडक भाकरी आन् शेंगाची चटनी. मला शेजारच्या नरसम्मानं टाकीजमदी लावलं. ती तंबाखूच्या इड्या वळती, तेलगू हाय, पर मराठी माझ्यापरास चांगलं बोलती. तिची जाऊ आदी तितं दारावर व्हती, ती बाळंतपनाला गेली ती काय परत आली न्हाय, मग नरसम्मा म्हनली तू जा की, बायकांच्या बाजूला दारावर बाईच लागती, बाप्या चालत न्हाय. तवापासनं उभीच हाय बगा मी. तिकिट फाडायचं, बॅटरी दावून जागा दावायची, बाकड्यावरनं भांडनं लागली तर सोडवायची, दाराचा पडदा लावायचा, काडायचा, परत लावायचा. लोकं म्हनत्यात तुझी मजा हाय, फुकट पिच्चर. काय सांगू तुमाला, पिच्चर मी कवा बसून बगितलाच न्हाय, समदं उभ्यानं, आन् तुकड्यातुकड्यानं. हिरो मेला का जगला ते मला बाहिर पडनाऱ्या बायकांच्या तोंडावरनं कळायचं.

फकस्त येक गोष्ट मी समदी बगायची. पिच्चरच्या आदी येक चितरांचा तुकडा लावायचे, चितरं पळत्यात ना तसला, परदेशी. बोलनं न्हाय त्यात, नुसतं वाजवनं. कुटलं तरी टाकीज बंद पडलं तवा मॅनेजरनं तो जुना तुकडा आनला व्हता, आन् येकच व्हता, त्यामुळं वरचा पिच्चर कुटला बी असू दे, देवाचा असू दे नायतर मारामारीचा, आदी त्यो तुकडा. आन् त्यात कोन असावं, तर आमचा पाव्हनाच. येक पाव्हना आन् येक कोकरू. पयल्या दिवशी मला काय म्हायती, मी नवी, अंदारात उभी, आन् समोर येवढा मोटा पाव्हना दबत दबत कोकराकडं निगाला. माझ्या तोंडातनं निगूनच गेलं, आवं पाव्हना आला, कुत्री सोडा. समदं टाकीज हसलं. मला मेल्याहून मेल्यागत झालं. पर तवापासनं त्येचं नाव पाव्हनाच पडलं. इडीवाल्या बायका दारात इचारायच्या, मावशी, पाव्हना लागलाय ना आज.

तुमी इचारलं की त्यात हसन्यासारकं काय व्हतं. सांगते. त्यो पाव्हना लई हौशी. कोकरू धरायला निगायच्या आदी गळ्याला फडकं बांदायचा, जेवायला बसल्यागत, ताटली पुडं ठेवायचा, आन् मग आमच्याकडं बगायचा, टाकीजमदल्या लोकांकडं, म्हंजे आता बगा म्हनून. आन् मग काय व्हायचं, लोकर पांगरून कळपात शिरायचा तर मेंढा त्येला मागनं अशी धडक द्यायचा की ह्यो बांधापल्याड. हिरीत पडायचा. शेवटाला डोंगरावरनं धोंडा ढकलायचा कोकरावर, आन् त्यो धोंडा फिरून त्येच्याच अंगावर. कडक भाकरीवानी चपटा व्हायचा. थोडा येळ गप. मग धोंड्याखालनं येक हात बाहिर यायचा, चाचपडत चाचपडत ते फडकं सापडवायचा, मग समदाच बाहिर यायचा, फडकं झटकायचा, परत गळ्यात बांदायचा आन् आमच्याकडं बगायचा. काय न्हाय झालं म्हनून. लाजल्यागत. तितं समद्यात जास्ती हसायच्या बायका. पडला तवा न्हाय, उठून बगितलं तवा.

आन् कोकरू कुनालाच आवडायचं न्हाय. मला सुदिक न्हाय, आन् मी मेंढरातली. माझ्या बापाची किती कोकरं खाल्ली पाव्हन्यानं, म्या सोता दगडं मारल्यात त्येला. पर ते पडद्यावरचं कोकरू, त्येला कवा खरचटायचं बी न्हाय, धुळीचा ठिपका न्हाय अंगावर, नुसतं बाजूला सरकायचं आन् गालात हसायचं. नरसम्मा म्हनायची, आमच्या कारखान्यातला इड्या तपासनारा हाय बग ह्यो, दिवसभर वळलेल्या इड्या छाटून टाकतोय आन् असाच हसतोय. ज्येला लागतच न्हाय त्येचं कवतिक कशाचं करायचं ताई. ज्येला लागतंय आन् परत येतंय, ते आपलं वाटतंय. म्या तर येवढंच शिकले तितं उभं राहून.

मालकांना त्यो तुकडा लई आवडायचा. सुट्टीच्या दिवशी येऊन बायकांच्या आडभिंतीलगत, शेवटच्या बाकड्यावर बसायचे, माझ्यापासनं दोन हातावर. हसायचे म्हंजे मांडीवर चापट मारून हसायचे, मला अंदारात कळायचं कुटं बसल्यात ते. म्हनायचे, येवढं पडून बी रोज कामावर येतंय, असला गडी कुनाला बी ठेवून घ्यावासा वाटंल. तुकडा सपला की उटून जायचे. पिच्चर बगायचे न्हाईत.

मग ते झालं. मागावर चढवायचा बीम असतोय, सुताचा रूळ, लई जड, तो दोगं तिगं मिळून जिन्यानं वर न्ह्यायचे. मालक खालच्या बाजूला व्हते. वरच्याचा हात सुटला का पाय घसरला, द्येवाला ठावं, बीम गडगडत आला आन् ह्यांच्या कमरंवर. सरकारी दवाखान्यात ठेवलं, डाक्टर चांगला व्हता बिचारा, त्येनं खरं सांगितलं, बाई, कमरंखाली आता काय व्हनार न्हाय. घरी आनलं. खाटंवर भितीकडं तोंड करून पडले. बोलनं बंद. मी खेळ सुटल्यावर यायची, पुडल्या खेळाला जायची, मदल्या येळात ह्यांना साफ करायचं, कूस बदलायची, दोन घास भरवायचे. नरसम्मा इड्या वळत वळत ध्यान ठेवायची. मी इतकी दमले व्हते ना ताई, की रडायला बी येत न्हवतं, बसलं की झोपच लागायची.

येक दिवस माझ्या मनानं घेतलं की ह्यांना टाकीजला न्ह्यावं. हसतील तरी. नरसम्माच्या भावाची हातगाडी व्हती, त्येच्यावर गादी टाकली. दुपारचा खेळ. दोगा तिगांनी उचलून ह्यांना त्याच शेवटच्या जागी ठेवलं, खुर्ची मागितली मॅनेजरकडनं, आन् चादरीनं खुर्चीला बांदलं, न्हायतर कलंडत व्हते. बायकांना समद्यांना ठावं व्हतं, आपापल्या जाग्यावरनं वळून वळून बगत व्हत्या. माझ्या डोस्क्यात नुसतं शेवटचं व्हतं, त्यो हात बाहिर येतोय ते. मी म्हनलं ते बगतील, मग कायतरी हलंल ह्यांच्या आत. धोंडा गडगडत येतोय हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं बगा. ते पडद्यावर दिसलं तवा मी ह्यांच्या खुर्चीला धरलं. पर म्हनलं असू दे, उठतोय की.

धोंडा पडला. पाव्हना चपटा झाला. आन् तुकडा सपला.

हात न्हाय, फडकं न्हाय, कायच न्हाय. पांढरा पडदा आन् लगीच पिच्चरची नावं. बायका हसतच व्हत्या, ती हसनी मदल्यामदी थांबली. मग कोनतरी म्हनलं, पाव्हना उठला न्हाय. दुसरी म्हनली, ओ ऑपरेटर, पाव्हन्याला उठवा की. पिच्चर चालू झाला तरी बायका बोलतच व्हत्या, मेला का काय, असं कसं. रोज बगितलेलं ते, पर येकदा न्हाय उठला तर कुनाला करमंना. मी ह्यांच्याकडं बगितलं. ते म्हनले, घरी ने.

घरी आल्यावर म्हनले, आता बराबर झालं. इतके दिस लोकं उगंच हसत व्हती. आन् तोंड फिरवलं भितीकडं, आन् त्या दिवसापासनं जेवायचे बंद झाले. पानी घ्यायचे कसंबसं. मी भाकरी दुधात कुसकरून न्ह्यायची, ओठ मिटून घ्यायचे. आमच्या बिरोबा देवाची आन घातली, तरी न्हाय. मानूस माझ्या डोळ्यापुडं चाललं व्हतं.

मग मी ऑपरेटरच्या खोलीत गेले. तो लोखंडी जिना मी कवा चढले न्हवते. इस्माईलभाई व्हते ऑपरेटर, म्हातारं, लई सज्जन. म्हनलं, भाई, पाव्हना का उठत न्हाय. ते म्हनले, क्या करूं भाबी, पट्टी के दांते टूट गये, तुमारे मालक आये ना, उसके पैले की रात कू शेवट का हिस्सा फट गया, सुबू काटके फेक दिया. रोज रोज चालवून तुकडा झिजला व्हता, पट्टीच्या कडंची भोकं फाटली व्हती, तुटलं की तेवढं कापायचं आन् पुडं चालायचं, तशीच पद्धत व्हती त्येंची. म्हनलं, भाई, लोकं हसत न्हाईत आता. ते म्हनले, मेरेकू भी मालूम है. मग मीच म्हनलं, त्यो मेंढ्याची धडक खाऊन पडतोय ना, तितनं उठतोय की, फडकं बांदून बगतोय की आमच्याकडं, ते उठनं तितनं काडा आन् शेवटाला लावा. त्येंनी तुकड्याचं रीळ उजेडात धरलं. म्हनले, भाबी, बदन पे ऊन रहेगा ना उसके. म्हनलं, ऱ्हाऊ दे लोकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडा पडला, आन् लगीच पाव्हना माळावर बसलेला, अंगावर लोकर, उठला, फडकं बांदलं, बगितलं आमच्याकडं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडा कुटं गेला, लोकर कुटनं आली, येकीनं बी इचारलं न्हाय. बायकांची समदी बाजू हसत व्हती आन् मी दाराच्या पडद्याला धरून रडत व्हते, इतक्या दिसांनी.

खेळ सुटला तशी मी पळत घरी. म्हनलं, आवं, पाव्हना उठला. मालक भितीकडं तोंड करूनच म्हनले, खोटं. म्हनलं, बिरोबाची आन. मग म्हनले, कसा उठला. मी सांगितलं, लोकर झटकली आन् उठला. ते म्हनले, धोंड्याखाली लोकर कुटनं आली. झालं का आता. मागावरचा मानूस त्यो, सूत तुटलेलं लांबनं वळखनारा. मग खरं सांगितलं, अलीकडचं काडून पलीकडं जोडलंय म्हनून. मग पाठीतनं खोकल्यागत आवाज आला. मला वाटलं घुसमटले. तोंड वळवून बगते तर हसत व्हते. म्हनले, जोड मारली व्हय. म्हनलं, व्हय. म्हनले, जोड मारल्याबिगर कुटली चादर निघती. आन् मग म्हनले, मला जरा बसतं कर.

उशा लावल्या, नरसम्माला हाक मारली, दोगींनी मिळून बसतं केलं. भाकरी कुसकरून दिली ती खाल्ली. पुडं नरसम्माच्या भावानं कारखान्यातनं चादरी आनून दिल्या, त्येच्या कडंच्या दशांना गाटी मारायच्या असत्यात, घरोघरी बायका करत्यात ते काम. पयल्यांदा लाजले, म्हनले बायकांचं काम हाय. मग करायला लागले.

त्याला झाली आता लई वर्सं. तो तुकडा पार झिजून गेला, आता टाकीजमदी जाहिराती लावत्यात साबनाच्या. इस्माईलभाई बी गेले. माझे पाय संद्याकाळी भोपळ्यागत सुजत्यात, मॅनेजरला म्हनलं येक स्टूल द्या, तर म्हनतोय दारावरच्या बाईनं बसलं तर लोकं काय म्हनतील. जाऊ दे. मालक चालले न्हाईत, चालनार बी न्हाईत, डाक्टरचं खरं झालं. रोज उचलायचं, रोज धुवायचं, कटाळा येतो ताई, खोटं कशाला बोलू, लई कटाळा येतो. पर येकांदी गाट चुकली की ते मान वर करून माझ्याकडं बगत्यात, लाजल्यागत, त्यो बगायचा तसंच, आन् परत सोडून मारत्यात.

त्या वक्ताच्या इडीवाल्या बायका अजून येत्यात पिच्चरला, केस पिकले काहींचे. तिकिट फाडताना इचारत्यात, मावशी, पाव्हना कसा हाय. ते आमच्या मालकांना म्हनत्यात आता. मी बॅटरी लावते, जागा दावते आन् म्हनते, उठला न्हाय गं बाई, पर बसलाय.