ढोलीतला टीव्ही

इसरू : गुरुजी, टीव्हीतून धान उगवलं हे मी पयल्यांदाच पाहून राह्यलो. हा पाहा, मागच्या जाळीतून कोंब आला.

गुणवंतराव : अतिशयोक्ती करू नकोस, इसरू. कोंब एकच आहे.

इसरू : तीन हायेत. मोजा. धान साठवाच्या ढोलीत काऊन ठेवला हा?

गुणवंतराव : वैनगंगेचे पाणी घरात गुडघाभर चढले, त्यात हा भिजला. भिजलेली वस्तू तांदळात ठेवली असता तांदूळ तिची ओल शोषून घेतो, असे सर्वत्र सांगितले जाते. घरात एवढा तांदूळ नव्हता. ढोलीत धान होते.

इसरू : अन् ते धानबी पुरात भिजलं होतं ना?

गुणवंतराव : तो तपशील गौण आहे. तू निर्णय सांग. दुरुस्ती करावी, की नवा घ्यावा?

इसरू : दुरुस्ती. आतली सर्किटची पट्टी पुसतो, गरम हवा मारतो, फ्यूज बदलतो. अर्ध्या घंट्यात चालू.

गुणवंतराव : आणि दोन महिन्यांनी गंज चढला, तर? पाणी प्यालेल्या यंत्रावर विश्वास ठेवणे हा निव्वळ हट्ट होय.

इसरू : मंग नवा घ्या.

गुणवंतराव : त्या म्हणण्यास तरी आधार कोणता? ज्याचा पडदा शाबूत आहे तो टाकून देणे, ही उधळपट्टी नव्हे काय?

इसरू : तुमी जुनाबी खोडता, नवाबी खोडता. सातवीत मले असंच उभं ठेवलं होतं, निबंधासाठी. ‘दोन्ही बाजू मांड, मग बस.’

गुणवंतराव : आणि तू एकही मांडली नव्हतीस.

इसरू : आता मांडतो. ह्याले धरा जरा, असा आडवा. हं. तुमचा बाप धानाचा शेतकरी. तुमी सोता चिखलात उतरून रोवणा केला. ओलं धान चार दिवस झाकून ठेवलं तं तापते, वाफ धरते, हे तुमाले ठाऊक नव्हतं?

गुणवंतराव : असाच धरू, की जरा उचलू?

इसरू : बोला ना, गुरुजी.

गुणवंतराव : ठाऊक होते.

इसरू : मंग?

गुणवंतराव : पूर ओसरल्यावर आदेशचा फोन आला. म्हणाला, ‘बाबा, टीव्ही दुरुस्त होत असेल तर करून घ्या. नसेल होत, तर रविवारी मी येतो. चंद्रपूरला जाऊन नवा आणू.’ वीज आल्यावर मी टीव्ही लावून पाहिला. चित्र स्वच्छ आले. बातम्या संपेपर्यंत पाहिल्या. मग ढोलीचे झाकण काढले.

इसरू : म्हणजे चालू टीव्ही… कधी आला होता आदेशभाऊ?

गुणवंतराव : त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला. त्यास चार दिवाळ्या झाल्या.

इसरू : मंग सोपं हाये. मी सांगतो, ‘भाऊ, टीव्ही मेला, या.’ मी खोटं बोललो तं काई बिघडत नाई. मले तं तुमीच नापास केलं होतं.

गुणवंतराव : नाही. धानाला मी या कामी लावले, तेवढे पुरे. तुला लावणार नाही. हा चालेल का, एवढेच खरे सांग.

इसरू : फ्यूज बसवला. चालला. हा पाहा, लाल दिवा लागला.

गुणवंतराव : मग लाव आदेशला फोन.

(फोन लागतो. आवाज स्पीकरवर.)

आदेश : बोला, बाबा. काय म्हणतो इसरू?

गुणवंतराव : टीव्ही चालू झाला आहे.

आदेश : अरे वा! मग मी रविवारचं तिकीट रद्द करतो. तसंही इकडे कामच निघालं होतं. चालेल ना?

गुणवंतराव : चालेल.

आदेश : नक्की ना, बाबा?

गुणवंतराव : चित्र अगदी स्वच्छ आहे. रद्द कर.

आदेश : बरं. जपून राहा. ठेवतो.

इसरू : झाकण लावतो, गुरुजी. पाच स्क्रू, अन् काम खतम.

गुणवंतराव : चहा टाकतो.

इसरू : आज नाई. माही बायको रुपाली वाट पाहून राह्यली. तलावात जाळं टाकाचं हाये.

गुणवंतराव : मग चारच लाव.

इसरू : काऊन? पाचवा हाये ना इथी, माह्या हातात.

गुणवंतराव : असू दे. तो उद्या लावशील.