पुठ्ठ्याभोवतीची पंगत

लुइसा : ...मग धुक्यात विमान अडकलं, म्हणून तपासणीच्या निकालाला उशीर झाला. आज सकाळी आला. पुतुलिकनं मारलेल्या वालरसच्या जिभेत किडे निघाले, मामी.

आकिनिसी : आधी बूट काढ. दवाखान्यात नोकरी लागली म्हणून बर्फ घरात आणायचा?

लुइसा : काढते गं. पण तुझ्या वाट्याचं मांस कुठंय?

आकिनिसी : बाहेरच्या पडवीत. गोठून दगड झालंय. त्यात कसले किडे जगतात!

लुइसा : आपल्याकडचे जगतात. त्यांना गारठ्याचं काही वाटत नाही. नीट शिजवलं तरच मरतात. तू शिजवलंस?

आकिनिसी : शिजवायचं? तुझे मामा असते तर पोट धरून हसले असते. ते कच्चंच खायचं, दातांना गार लागलं पाहिजे.

लुइसा : म्हणजे खाल्लंस. कधी?

आकिनिसी : रविवारी. देवळातून आल्यावर.

लुइसा : आज बुधवार. लवकर कळलं म्हणायचं. या गोळ्या घे. ट्रिकिनोसिस व्हायच्या आत पोटात गेल्या पाहिजेत.

आकिनिसी : काय व्हायच्या आत?

लुइसा : ट्रिकिनोसिस. किडा केसासारखा बारीक असतो, म्हणून ते नाव.

आकिनिसी : केवढासा किडा आणि केवढं नाव! मग झालंय का ते मला?

लुइसा : तसं लगेच म्हणत नाहीत. मांसात सापडला तर नुसता किडा. तो माणसाच्या पोटात गेला, त्याची पिल्लं अंगभर फिरून स्नायूंत घर करून बसली, ताप आला, अंग ठणकायला लागलं, की त्या दुखण्याला ट्रिकिनोसिस म्हणायचं.

आकिनिसी : न बोलावता येतो आणि राहतोसुद्धा. बरा आहे की मग.

लुइसा : थट्टा पुरे. आता नावं सांग. रेडिओवरून साऱ्या गावाला आवतण दिलं होतंस. कोण कोण जेवलं? त्या प्रत्येकाच्या घरी मला जायचंय.

आकिनिसी : आले होते की सगळे. घर भरलं होतं.

लुइसा : गावच्या रेडिओवरच्या एलायजानं थांबायला सांगूनही आले? कमाल आहे लोकांची. कोण कोण?

आकिनिसी : एलायजाच आला होता. बायकोला घेऊन. मार्कुसीनं तर दोनदा मागून घेतलं. आणि... नेली.

लुइसा : नेली? पोटुशी नेली?

आकिनिसी : म्हटलं, खा पोरी, दोन जिवांची आहेस.

लुइसा : अगं मामी! तिला या गोळ्या चालत नाहीत. आजच्या विमानानं तिला दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. बाळंत होईस्तोवर ठेवूनही घेतील. फोन कुठंय तुझा?

आकिनिसी : दक्षिणेला? एकटीला?

लुइसा : एकटीलाच. नवरा शिकारीला गेलाय तिचा.

आकिनिसी : थोडंसंच खाल्लं गं तिनं. चाखलं नुसतं.

लुइसा : एक घास पुरतो. हॅलो, दवाखाना? मी लुइसा. डॉक्टरांना जरा...

आकिनिसी : ठेव. ठेव तो फोन, लुइसा.

लुइसा : का? काय झालं? आणि इकडे बघ, उजेडात ये. पापण्या केवढ्या सुजल्यात तुझ्या! अगं, ही तर त्याच दुखण्याची खूण... नाही. थांब. इतक्यात नाही यायची ती. आठवडा तरी जावा लागतो. मामी, हे डोळे कशानं सुजले?

(आकिनिसी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. भिंतीशी मोठा पुठ्ठा टेकवलेला आहे. त्याच्या मधोमध लाल डाग, कडा कोऱ्या करकरीत.)

आकिनिसी : नेली आली नव्हती. कुणीच आलं नव्हतं.

लुइसा : कुणीच?

आकिनिसी : पुठ्ठा अंथरला. मधे मांस ठेवलं, भोवतीनं सुऱ्या मांडल्या. जेवणाआधीचं स्तोत्र म्हटलं. वरचा सूर तुझ्या मामांचा, तो आता कोण लावणार? म्हणून खालच्याच पट्टीत म्हटलं. रेडिओ बंद केला होता.

लुइसा : तो का बंद केलास?

आकिनिसी : दारात पायाखाली बर्फ करकरतो ना, तो ऐकू यावा म्हणून. नाही करकरला. मग देवाचं नाव घेऊन मीच खाल्लं. पानावर बोलावून आपणही उपाशी उठलं, तर अन्न रुसतं. मनात आलं, लोक तुझ्या मामांच्या गळ्यासाठी यायचे या घरी. आता गळा नाही, तर कशाला येतील?

लुइसा : मामी, तुझं आवतण झालं आणि लगेच एलायजा रेडिओवर बोलला. जिभेचा निकाल यायचाय, तोवर कुणी वालरसला हात लावू नका. निकाल आला की आकिनिसीकडे सगळे मिळून जाऊ.

आकिनिसी : असं म्हणाला?

लुइसा : साऱ्या गावानं ऐकलं.

आकिनिसी : मी सोडून.

लुइसा : हो.

आकिनिसी : मग तेवढं सांगायला तरी कुणी दारात यायचं होतं.

लुइसा : जो तो समजला, दुसरं कुणी गेलं असेल.

आकिनिसी : तूसुद्धा?

लुइसा : मीसुद्धा.

आकिनिसी : हं. दे ती गोळी.

लुइसा : मांस मी घेऊन जाते. कुत्र्यांनाही घालायचं नाही ते.

आकिनिसी : आणि पुठ्ठा?

लुइसा : तोही जाळू. दुसरा आणते मी. याच्याहून मोठा.

आकिनिसी : मोठा कशाला गं, मला एकटीला? जा आता. तुला अजून घरं करायची असतील.

लुइसा : जेवलेल्यांचीच करायची होती, मामी. झाली सगळी. चहा टाक.