मोरपंखीजवळ बसलेला पावणा

मोरपंखी लावून राह्यली का बाई तू? लाव, पण तिच्याजवळ पावण्यायले बसवू नको. आमच्या नालवाडीच्या घरी तसं केलं अन् माह्या दिराची, श्रीपतची, सोयरीक लटकली.

श्रीपत दर साली मॅट्रिकले बसे अन् दर साली नापास होये. समुद्रपूरहून पोरीचा बाप त्याले पाहाले आला, तं सासऱ्यानं ठोकून दिलं, "पोरगा यंदा पहिल्यांदाच मॅट्रिकले बसून राह्यला."

पावणा अंगणात खाटेवर बसला. बाजूलेच कमरेएवढी मोरपंखी. तिची फांदी पुस्तकात ठेवली की विद्या येते म्हणतेत, म्हणून सासूबाई कौतुकानं सांगाले लागल्या, "श्रीपत पहिल्यांदा मॅट्रिकले बसला ना, तवाच मी हे लावलं. बोटाएवढं रोप होतं."

मी दारातून डोळे वटारले, पण माह्याकडं कोण पाहाते.

पावणा झाड न्याहाळून म्हणे, "माह्या दारातल्या मोरपंखीले इतकं व्हाले सहा वर्सं लागले."

सासऱ्यानं घाईघाईनं पोह्याची बशी त्याच्यापुढं सरकवली. सासूबाई मात्र हटल्या नाई. म्हणे, "तुमची जमीन हलकी असन. आमच्या विहिरीचं पाणीच असं हाये, एका सालात झाड कमरेले लागते."

पावण्यानं चहा संपवला, टोपी घातली अन् उठला. सासऱ्याले म्हणे, "मंग पोरालेही तेच पाणी पाजा. पास झाला की सांगजा, पोरगी तयार हाये."