पांढरी बशी आणि डावा डोळा

तुम्ही हसाल, पण परवा मी खरंच घाबरलो होतो. आमचा नितीन बोटीवर गेला की त्याच्या काचेच्या टाकीतली प्रवाळं माझ्या गळ्यात पडतात. रोज त्याला फोटो पाठवायचा. परवा त्याचा उलट फोन आला.

“बाबा, टाकीच्या निळ्या दिव्यामुळे फोटोत सगळं निळंच आलंय. जांभळ्या प्रवाळाचा रंग उतरला की ते मेलंच समजा. पांढरा दिवा लावा, टाकीत पांढरी बशी ठेवा आणि फोटोत ती पांढरी दिसेपर्यंत मोबाइलचं सेटिंग फिरवा.”

फोटोत बशी पांढरी आली, प्रवाळही जांभळं आलं. पण टाकीत बघतो, तर बशी पिवळट आणि प्रवाळ तपकिरी.

“अगं, मेलं बहुतेक! पोराला काय सांगू?”

बायको आली. “जांभळंच आहे की हो! आणि तो उजवा डोळा कशाला मिटलायत?”

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, ब्युरेटच्या काचनळीवरच्या रेघा वाचताना उजवा डोळा मिटायची सवय. गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढला तो नेमका उजव्याचाच; डाव्यातला पिवळट पडदा अजून तसाच. उजवा उघडला आणि प्रवाळ जिवंत झालं.

काल हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. रत्नागिरीत भेटेल तो डॉक्टर माझाच विद्यार्थी. ते म्हणाले, “म्हणजे सर, बारावीच्या प्रॅक्टिकलला माझा फिका गुलाबी रंग तुम्ही डाव्या डोळ्यानेच बघितलात? रंग आलाच नाही म्हणून मला नापास केलं होतंत.”

उद्या सकाळी त्याच डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. करणार तेच डॉक्टर.